लिफ्टर घडायला तीन वर्षे, नेमणूक दहा महिन्यांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन व्हॉलीबॉलचा हंगाम संपला की सीमाभागातल्या वर्तमानपत्रांत विजेत्या संघाचे फोटो झळकतात. मागे खेळाडू, पुढे खुर्च्यांवर प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी, एका टोकाला ट्रॅकसूट घातलेला प्रशिक्षक. खाली ओळ ठरलेली: 'यांचे मार्गदर्शन लाभले.' हे मार्गदर्शन म्हणजे रोज मैदानावर काय चालते आणि त्याला किती काळ लागतो, हे संस्थाचालकांना आणि पालकांनाही कळावे म्हणून हे पत्र. पदवी तीन वर्षांची आहे. चांगला लिफ्टर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्यासाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू, तयार व्हायलाही तेवढीच वर्षे लागतात. प्रशिक्षकाला मात्र जुलैत मानधनावर घ्यायचे आणि एप्रिल-मेमध्ये मोकळे करायचे, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे. तिच्यातून एखादा चषक निघेल. संघ उभा राहत नाही, आणि प्रशिक्षकाची कारकीर्द तर नाहीच नाही.

बेळगाव तालुका, खानापूर, निपाणी या पट्ट्यातला मुलगा महाविद्यालयात येतो तो बहुधा गावातल्या शूटिंग व्हॉलीबॉलवर वाढलेला. तो दणकट असतो, चेंडूला भीत नाही, प्रेक्षकांना तर अजिबात नाही. पण शूटिंगमध्ये ज्याची जागा जिथे, तो तिथेच खेळतो आणि दोन्ही हात जुळवून चेंडू थेट पलीकडे घालवतो. महाविद्यालयीन खेळात सहाही जणांना जागा बदलत फिरावे लागते, तीन स्पर्शांत चढाई बांधावी लागते. जुन्या सवयी मोडायलाच पहिले सत्र जाते. अंडरहँड, म्हणजे जुळवलेल्या हातांवर खालून चेंडू घेताना हात झोकायची सवय सर्वांत चिवट. हात झोकला की चेंडू लिफ्टरच्या डोक्यावरून नेटपलीकडे जातो आणि समोरच्या संघाला आयता स्मॅश मिळतो. उपाय कंटाळवाणा आहे: हात स्थिर, गुडघे वाकलेले, ढकल पायांतून, असे रोज शंभर चेंडू.

आता लिफ्टर. काही गावांत त्याला बूस्टर म्हणतात. प्रत्येक रॅलीतला दुसरा स्पर्श त्याचा, म्हणजे सामन्यात सर्वाधिक निर्णय त्याचे. तरीही नवा प्रशिक्षक आला की आधी उंच मुलगा शोधून त्याला स्मॅशर करतो आणि लिफ्टरसाठी उरलेल्यांतला एक घेतो. वर्षभरात निकाल दाखवायचा असेल तर तो तरी दुसरे काय करणार?

पहिल्या वर्षी लिफ्टरला फक्त हात आणि पाय शिकवावेत. चेंडू कपाळाच्या वर, दहाही बोटांत, आवाज न होता. नेटजवळ उजवा पाय किंचित पुढे, तोंड चार नंबरकडे, म्हणजे पुढच्या रांगेतल्या डाव्या जागेकडे. रोजचे दोनशे लिफ्ट असे वाटावेत: शंभर हाताने फेकलेल्या चेंडूवर समोर, पन्नास पाठीमागे, पन्नास एक नंबरवरून, म्हणजे मागच्या उजव्या जागेवरून, पळत येऊन. चेंडू अँटेनाच्या (नेटच्या कडेच्या उभ्या काठीच्या) टोकाहून वर जावा आणि नेटपासून अर्धा ते एक मीटर आत उतरावा. अँटेना नेटच्या वर ८० सेंटिमीटर असते, त्यामुळे उंची मोजायला वेगळे साधन लागत नाही. चेंडू नेटला चिकटला तर स्मॅशर ब्लॉकमध्ये, म्हणजे समोरच्यांनी नेटवर उभारलेल्या हातांत, सापडतो, दीड मीटर आत पडला तर त्याचा जोर जातो. या वर्षी संघ ४-२ पद्धतीने खेळवावा. लिफ्टर दोन, पुढच्या रांगेत असेल तो लिफ्ट देतो.

दुसऱ्या वर्षी वाईट पासवरून, म्हणजे नीट न आलेल्या पहिल्या स्पर्शावरून, लिफ्ट. सामन्यात निम्मे पास नेटपासून दोन-तीन मीटर लांब येतात आणि सराव मात्र सगळा नेटखाली उभे राहून होतो. तिथूनच मधल्या स्मॅशरबरोबर जलद चेंडूची जोडी बसवायची. मधला मुलगा पाऊल कधी टाकतो हे लिफ्टरला न बघता कळले पाहिजे, आणि ते ती दोघे महिनोन्महिने एकत्र खेळल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या वर्षी ५-१. लिफ्टर एकच. तो मागच्या रांगेत असतो त्या तीन फिरत्यांत (जागांच्या मांडण्यांत) पुढे तीन स्मॅशर मिळतात, पुढे असतो तेव्हा दोन. समोरचा ब्लॉकर कुठे सरकतोय हे पाहून चेंडू फिरवणारा लिफ्टर इथे तयार होतो. दरवर्षी प्रशिक्षक बदलला की एक जण ४-२ लावतो, दुसरा आल्याआल्या ५-१, तिसरा बोटांची ठेवण बदलतो. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसलेला तो मुलगा लिफ्टर म्हणून पहिल्याच वर्षात असतो.

यात आपल्याकडचा पाऊस. महाविद्यालये सुरू होतात तेव्हा खानापूर, बेळगावात मैदानावर पाय ठेवता येत नाही. सप्टेंबरात उघडीप मिळाली की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर येतात. जून ते ऑगस्ट वाया घालवणारा प्रशिक्षक वर्ष वाया घालवतो. व्हरांड्याच्या भिंतीवर पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि मुलींसाठी २.२४ मीटर उंचीवर रंगाची रेघ मारून घ्यावी. दोन मीटरवर उभे राहून रेघेच्या वर लिफ्ट, तीन मीटरवरून अंडरहँड, आणि स्मॅशची तीन पावले चेंडूविना. उजव्या हाताच्या खेळाडूची पावले डावे, उजवे, डावे अशी. शेवटची दोन जवळजवळ एकत्र आणि जोरात. बहुतेकांचे शेवटचे पाऊल आखूड पडते, म्हणून ते उडतात पुढे, वर नाही, आणि नेटमध्ये जातात. मोबाइलवर संथ चित्रण करून दाखवले की पाच मिनिटांत पटते. पण जुलैअखेर नेमणुकीचे पत्र हातात पडणाऱ्या प्रशिक्षकाने हे सारे करायचे केव्हा?

मैदानाबद्दल संस्थांना कळकळीची विनंती. खेळाची जागा १८ बाय ९ मीटर, भोवती किमान ३ मीटर मोकळे. उघड्या मैदानाला निचऱ्यासाठी मीटरमागे ५ मिलिमीटर उतार नियमात चालतो, म्हणजे ९ मीटर रुंदीत साडेचार सेंटिमीटर. एवढा उतार दिला तर लाल मातीचे मैदान पाऊस थांबल्यावर लवकर खेळण्याजोगे होते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीवर मुरमाचा निदान सहा इंचांचा थर हवा, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि घोटे जातात. रेघा टिकाव्यात म्हणून कडेला विटा किंवा कौले पुरायची रीत गावोगाव आहे. ती बंद करा. घट्ट वस्तूंच्या रेघा नियमात बसत नाहीत आणि सूर मारणाऱ्या मुलाचे कोपर फोडतात. नेटची उंची मध्यभागी मोजावी. दोन्ही टोके सारखी हवीत आणि मधल्यापेक्षा दोन सेंटिमीटरहून जास्त वर नकोत. सैल तारेचे नेट मध्ये झोळीसारखे पडते, मुले वर्षभर त्या खड्ड्यातून स्मॅश मारतात आणि बाहेरच्या ताणलेल्या नेटवर त्यांचेच चेंडू पट्टीला लागून परततात.

चेंडूची हवाही अशीच. दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो हवा. आपल्याकडे चेंडू दगड होईपर्यंत पंप मारतात. मग नव्या मुलींचे हात सुजतात आणि दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी येत नाहीत. एक साधा प्रेशर गेज घेतला की हा प्रश्न मिटतो. चेंडू मात्र बारा हवेत. तीन चेंडूंवर बारा जणांचा सराव म्हणजे नऊ जण बघे.

मुलींच्या संघाचे गणित बसच्या वेळेवर चालते. २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या मुलींचे बसभाडे वाचले. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणारीला एस.टी.त अर्धे तिकीट आहे. गावाकडची शेवटची बस मात्र आहे तेव्हाच सुटते. म्हणून मुलींचा सराव साडेपाचच्या आत संपला पाहिजे, आणि त्यासाठी दुपारचे एक-दोन तास सोडवून घ्यायला प्रशिक्षकाला प्राध्यापकांची मनधरणी करावी लागते. हजेरीचा तिढा सोडवणे हे या कामातले निम्मे काम आहे, असे म्हटले तरी चालेल.

गुडघ्याविषयी जरा सविस्तर, कारण तिथे चांगले खेळाडू कायमचे जातात. सिमेंटच्या किंवा रोलर फिरवून घट्ट केलेल्या मैदानावर रोज उड्या मारल्या की वाटीखालची शीर दुखू लागते. मुले गरम पट्टी बांधून खेळत राहतात. उड्यांचा सराव आठवड्यातून तीनच दिवस, दिवसाला साठ-सत्तर उड्या, आणि त्या मोजून. ब्लॉकच्या आणि सर्व्हिसच्या उड्याही त्यात धरायच्या. सुगीच्या दिवसांत मुलगा सकाळी शेतात राबून आला असेल तर त्या दिवशी उडी नाही. घोटा मुरगळतो तो बहुधा नेटखाली, समोरच्याच्या पायावर पाय पडून. पावलाचा काही भाग मधल्या रेषेवर असला तर बाकीचे पाऊल पलीकडे गेलेले नियमाला चालते, म्हणूनच हा धोका. ब्लॉकर सरळ वर उडून दोन्ही पायांवर उतरला पाहिजे आणि स्मॅशरने नेटखाली झेपावता कामा नये. पहिल्या महिन्यात हे शिकवले नाही तर पुढे शिकवायला मुलगा मैदानावर नसतो.

सामन्याच्या दिवशी कोर्टालगत ओरडणारा प्रशिक्षक लोकांना आवडतो. उपयोगी प्रशिक्षकाच्या मांडीवर वही असते. सहा फिरत्या, प्रत्येकीत मिळवलेले आणि गमावलेले गुण. २५-२१ असा सेट हरलेल्या संघाची वही उघडली तर पुष्कळदा पाचही फिरत्या बरोबरीच्या निघतात आणि एकाच फिरतीत चार-पाच गुण गेलेले असतात. तिथे कच्च्या खेळाडूवर सर्व्हिस येत असते. मग सुरुवातीची फिरती बदलायची, किंवा लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचाव करणारा खेळाडू) घालून ती जागा झाकायची. पासलाही ० ते ३ गुण द्यावेत: लिफ्टरला जागेवरून कुठेही चेंडू देता आला तर ३, दोनच वाटा उरल्या तर २, चार नंबरला उंच चेंडू देण्यावाचून गत्यंतर नसले तर १, गुण गेला तर ०. सरासरी २ च्या आसपास राहिली तर महाविद्यालयीन पातळीवर सेट हातात राहतो. सेटमध्ये ३० सेकंदांचे दोन टाइमआउट असतात. एकाच फिरतीत सलग तीन गुण गेले की पहिला घ्यावा. पाच जाईपर्यंत थांबणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. शिट्टीनंतर सर्व्हिसला ८ सेकंद मिळतात, आपली मुले दुसऱ्याच सेकंदाला मारून मोकळी होतात. मराठी आणि कन्नड बोलणारी मुले एकत्र खेळतात, तेव्हा चेंडू कोणाचा याची हाक एकच ठरवावी.

इथे विद्यापीठाचाही विषय येतो. २०१० मध्ये बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले, त्याआधी आपल्या मुलांना धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या बारा जणांच्या संघात जागा मिळवावी लागे. आता वाट जवळची झाली, पुढचा घाट तसाच आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत बेळगाव दक्षिण विभागात, तर तासा-दोन तासांवरचे कोल्हापूर पश्चिम विभागात. चंदगडच्या मुलाने बेळगावात प्रवेश घेतला की त्याची गाठ केरळ-तामिळनाडूच्या संघांशी पडते, आणि व्हॉलीबॉलमध्ये ते संघ किती तगडे हे जाणकारांना सांगायला नको. त्या संघांसमोर पहिल्या फेरीत हरलेल्या प्रशिक्षकाला नापास ठरवणे सोपे आहे. तीन वर्षांत किती मुले विद्यापीठाच्या संघात गेली, किती जणांना लष्करात वा रेल्वेत खेळाडू म्हणून संधी मिळाली, किती जणांचे गुडघे शाबूत राहिले, हे कोणी विचारत नाही.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी एक फरक ध्यानात ठेवावा. महाविद्यालयातले शारीरिक शिक्षण संचालक हे पद वेगळे, प्रशिक्षक वेगळा. पदासाठी बी.पी.एड., एम.पी.एड. आणि नेट किंवा के-सेट ही पात्रता परीक्षा लागते. २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणीही आहे, तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषांना १८०० मीटर. संचालक सगळ्याच खेळांचा कारभार पाहतो, पात्रता अर्जांपासून कबड्डीच्या मॅटपर्यंत. प्रशिक्षकासाठी १९६१ साली सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. जमल्यास पंचाची परीक्षाही द्यावी, नियम पाठ झालेल्या प्रशिक्षकाचे गुण फुकट जात नाहीत. मान मिळेलच असे नाही. १९९० मध्ये रमाकांत आचरेकर सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला हे मराठी माणसाला ठाऊक असते. त्याच वर्षी तोच पुरस्कार व्हॉलीबॉलसाठी ए. रमणा राव यांना मिळाला. पुढे १९९५ मध्ये एम. श्यामसुंदर राव, २००७ मध्ये जी. ई. श्रीधरन. ही नावे आपल्याकडच्या किती क्रीडाशिक्षकांना सांगता येतील?

आमची मागणी मोठी नाही. नेमणूक तीन वर्षांची असावी आणि ती जूनच्या पहिल्या आठवड्यात हाती पडावी. दरवर्षी आढावा जरूर घ्या, पण तो पास, सर्व्हिस आणि दुखापतींच्या नोंदींवर घ्या. बारा चेंडू, एक गेज, ताणलेली तार आणि मुलींसाठी साडेतीन ते साडेपाच ही वेळ वेळापत्रकात लिहून द्या. प्रशिक्षक बदलावाच लागला तर त्याची वही महाविद्यालयाने ठेवून घ्यावी: कोणत्या मुलाने दिवसाला किती उड्या घेतल्या, कोणाचा कोणता गुडघा दुखतो, लिफ्टर पाठीमागे देताना कुठे चुकतो आणि संघ कोणत्या फिरतीत गुण गमावतो. पुढच्याने ती वाचल्याशिवाय नेट बांधू नये.

आपले,
बेळगाव-खानापूर परिसरातील काही व्हॉलीबॉल मार्गदर्शक