सदतीस नंबरचं खुरपं

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मी आर्वी तालुक्यातला लोहार. भाता कधीचाच बंद पडला. मागल्या महिन्यात मी एका लग्नाला गेलो आणि इकडे नातवाने घमेलंभर जुनं लोखंड भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकलं. त्यात पाच खुरपी होती. चार गेली. एक ज्वारीच्या कोठीखाली सरकलं होतं म्हणून वाचलं.

माझे वडील एका मनोरुग्णालयाच्या शेतीची अवजारं शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून नीट करून, देत. त्या काळी अशा दवाखान्यांना स्वतःची शेती असायची आणि निंदण-खुरपण रुग्णच करायचे. मोकळ्या हवेत हाताला काम मिळालं की डोकं ठिकाणावर येतं, असं डॉक्टर मानत. भाजीपाल्याचा खर्च वाचे तो वेगळाच!

हे खुरपं शेतकऱ्याचं नव्हे, हे पाहताक्षणी कळतं. आपल्या खुरप्याला टोक लागतं, नाहीतर हरळी मुळासकट निघत नाही. याचं टोक वडिलांनी कानशीने घासून जुन्या रुपयासारखं गोल केलेलं. मुठीजवळ छिन्नीने ठोकलेला आकडा, ३७. खुरपी सकाळी मोजून द्यायची, सांजेला मोजून घ्यायची. एक जरी कमी भरलं, तर सगळ्यांचं जेवण थांबे आणि शेताचा धुरान्‌धुरा धुंडाळला जाई.

मजुरी नव्हती. फार तर एखादी विडी जास्तीची, असं वडील सांगत. तो १९१२ च्या वेड्यांच्या कायद्याचा काळ. आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे रुग्णाला कामाला जुंपता येत नाही, आणि त्याने काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. तेव्हा ही अवजारं जपा म्हणताना मला त्या दिवसांचे गोडवे गायचे नाहीत.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ साली गांधीजींनी केलं. ग्रामोद्योगाची साधनं तिथे जपलेली आहेत. तशा एखाद्या जागी या खुरप्यांना एक फळी मिळावी. ज्यांचे वडील-आजे अशा शेतीवर नोकरीला होते, त्यांनी भंगारवाला दारात यायच्या आत माळा बघून घ्यावा.

माझं ३७ नंबरचं मी द्यायला तयार आहे. फक्त शेजारच्या चिठ्ठीवर ते डावखुऱ्याचं आहे असं लिहावं. बाभळीच्या मुठीला अंगठ्याने पडलेली खोबण आहे. डाव्या हातात धरलं तरच अंगठा तिथे बसतो.

– आपला एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा