संध्याकाळी शाळेचं फाटक उघडा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : मुंबईतील महापालिका व अनुदानित शाळांच्या इमारतींत संध्याकाळचे छंदवर्ग सुरू करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तबल्याचा वर्ग चालवतो. म्हणजे या पत्रात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागणी मान्य झाली तर माझ्यासारख्यांना बसायला जागा मिळेल. पण ज्या मुलांसाठी लिहितोय त्यातली बरीचशी माझ्या वर्गात आजही येऊ शकत नाहीत, आणि ती का येऊ शकत नाहीत हे आपल्या कानावर घालायचं आहे.

मुंबईत पैसे मोजायची तयारी असेल तर मुलाला काय शिकवता येत नाही? पवई-अंधेरीकडे रोबोटिक्स, कोडिंग, स्केटिंग, बुद्धिबळ. दादर-पार्ल्याला नाट्यशिबिरं, कथक, ट्रेकिंग. काही मुलांचं तर मंगळवार-गुरुवार-शनिवार असं वेळापत्रक आईच्या मोबाइलमध्ये असतं आणि बिचाऱ्यांना नुसतं लोळत पडायलासुद्धा सवड नसते. तेही बरं नाहीच. पण इथून रेल्वे ओलांडून पश्चिमेला पार्कसाइटच्या चढावरच्या वस्तीत गेलात तर उलटं चित्र दिसेल. शाळा सुटली की मूल दहा बाय बाराच्या खोलीत येतं, आई-वडील कामावर, धाकट्याला सांभाळायचं आणि हातात मोबाइल. संध्याकाळी सहा ते आठ हे दोन तास त्या मुलाचे कोणीच विचारात घेतलेले नाहीत. शाळेची जबाबदारी संपलेली असते, घरचं कोणी परतलेलं नसतं.

छंदवर्गांचे फायदे म्हटलं की एकाग्रता, आत्मविश्वास, सर्वांगीण विकास असे ठरलेले शब्द येतात. माझ्या वर्गाच्या माहितीपत्रकावरही आहेत. आपल्याला मात्र मी जे समोर पाहतो तेच सांगतो.

सातवीतला एक मुलगा आहे. त्याला त्रितालात तिहाई बांधायला सांगितली. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ‘धा’ नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आला पाहिजे. ताल सोळा मात्रांचा, पहिल्या मात्रेपासून सुरुवात केली तर पुढची सम सतराव्या मात्रेवर. त्यानं आधी अंदाजानं वाजवून पाहिलं, समेच्या अलीकडेच संपलं. पुन्हा वाजवलं, या वेळी सम उलटून गेली. मग बोटांच्या पेरांवर मोजत बसला. शेवटी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं : पाच, एक, पाच, एक, पाच. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मधे दोनदा एकेक मात्रा थांबायचं. बेरीज सतरा. वाजवलं आणि बरोबर समेवर आला. शेजारच्या दोघांनी न सांगता मान हलवली. मी काही बोललोच नाही, गरजच नव्हती.

हाच मुलगा शाळेत समीकरणं दिसली की गप्प होतो. आता इथे ‘पाहा, तबल्यानं गणित सुधारतं’ असं म्हणायचा मोह होतो, आणि क्लासच्या जाहिराती तसं म्हणतातही. मी म्हणणार नाही. वाद्य शिकल्यानं बुद्धी वाढते, मार्क वाढतात या छापाचे दावे काटेकोरपणे केलेल्या अभ्यासांत फारसे टिकलेले नाहीत. त्या मुलाचं गणितही अजून जिथल्या तिथेच आहे. त्याला मिळालेली गोष्ट दुसरी आहे. चूक झाली ती त्याची त्याला ऐकू आली, लाल शाईनं कोणी खूण केली नाही, आणि जमेपर्यंत करून बघायची मोकळीक होती. अशी जागा त्याच्या दिवसात दुसरी कुठेच नाही.

दुसरं म्हणजे वयांची सरमिसळ. शाळेत इयत्तेनुसार वर्ग, क्लासमध्ये मार्कांनुसार बॅच. माझ्याकडे एकाच सतरंजीवर तिसरीतली मुलगी आणि अकरावीतला मुलगा बसतो. ती मुलगी ‘तिरकिट’ या बोलात अडकली की तो तिचं बोट धरून जागेवर ठेवतो. त्याला घरी कोणी जबाबदार म्हणत नाही, उलट ‘काही कामाचा नाही’ म्हणतात. इथे त्याच्या भरवशावर मी अर्धा तास बाहेर जाऊ शकतो. पंधरा-सोळाच्या वयात आई-वडील आणि शिक्षक सोडून आणखी एखादं मोठं माणूस ओळखीचं असणं, जे मार्क विचारत नाही, याची किंमत पालकांना फार उशिरा कळते. मुलं तबला गुंडाळता गुंडाळता जे सांगतात ते घरी सांगत नाहीत.

याचा हिशेब एका देशानं नीट मांडलेला आहे. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी फक्त व्यसनमुक्तीची भाषणं दिली नाहीत. खेळ, संगीत, नृत्य यांचे वर्ग वाढवले आणि राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे वर्गांच्या फीसाठी पालिकेकडून अनुदान दिलं. सोबत पालकांचे आपसांतले करार आणि रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर बंधनंही होती, तेव्हा सगळं श्रेय वर्गांना देता येणार नाही. शिवाय तो अख्खा देश लोकसंख्येनं आपल्या एखाद्या वॉर्डाहून लहान. पण मुलांची संध्याकाळ ही सरकारनं लक्ष घालायची गोष्ट आहे, हे त्यांनी मान्य केलं होतं.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत असं स्पष्ट लिहिलंय. मैदानही त्याच अनुसूचीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंतच पाडायची म्हटलंय, सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. आपल्याच विभागानं २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आणला. हेतू चांगलेच आहेत. पण छंद म्हणजे सहल नव्हे. वर्षातले दहा दिवस किंवा शनिवारचा तास-दीड तास यानं मुलाला चव कळते, हात बसत नाही. हात बसायला आठवड्यातून दोनदा, तोच गुरू, तीच जागा आणि निदान दोन-तीन वर्षं लागतात. आणि नेहमीच्या वेळापत्रकातल्या पी.टी.च्या, चित्रकलेच्या तासाचं काय होतं ते आपल्याला माहीत असेलच. सहामाही जवळ आली की ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून पहिली कुऱ्हाड त्यावर.

मग येते दहावी. ‘सर, यंदा दहावीचं वर्ष, एक वर्ष बंद ठेवतो’ हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकतो. पालक अगदी हात जोडून, ओशाळून सांगतात. परत येणारी मुलं फार थोडी. दहावीनंतर अकरावीची प्रवेशफेरी, मग बारावी, मग सीईटी. शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेसाठी दहावीला वाढीव गुण देण्याची सोय राज्यानं केली, तिचा फायदा झालाही. काही मुलं त्या निमित्तानं टिकली. पण त्याच सोयीमुळे आठवी-नववीत येऊन ‘लवकरात लवकर किती परीक्षा देता येतील?’ असं विचारणारेही आले. प्रमाणपत्र हातात पडलं की तबला माळ्यावर. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचंही बघा. १९८१ पासून विज्ञानशिक्षकांची संघटना चालवत असलेली ही स्पर्धा मुलांनी प्रयोग करावेत, प्रकल्प करावेत म्हणून आहे. आज तिच्या तयारीचेही वेगळे क्लास निघालेत. आपल्या समाजाला कशाचीही प्रवेशपरीक्षा करायची सवयच आहे.

मुलींचं तर दहावीपर्यंतही थांबत नाही. सातवी-आठवीतच गळतात. माझ्या वर्गाची वेळ संध्याकाळची, त्याच वेळी अनेक वस्त्यांत पाणी येतं. हंडे भरायचे कोणी? शिवाय सुटायला साडेसात होतात आणि परतीच्या गल्लीत दिवा नाही. एका आईनं मला सरळ सांगितलं, ‘तुमचं शिकवणं चांगलं आहे हो, पण जागा आडबाजूला आहे.’ ती चूक बोलली नव्हती. पुनर्विकासामुळे माझी जागा तीनदा बदलली, आता आहे ती एका इमारतीच्या मागच्या अंगाला. मुलींना ओळखीची, उजेडाची, घराजवळची एकच सार्वजनिक जागा असते, ती म्हणजे त्यांची शाळा.

म्हणून मी जवळच्या एका शाळेत तळमजल्याचा हॉल मागायला गेलो. मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. चहा दिला, कल्पना आवडली म्हणाल्या आणि ‘वरून लेखी आणा’ असं सांगितलं. वर गेलो तर ‘असं धोरणच नाही’ म्हणाले. बाईंना दोष देत नाही. उद्या काही झालं तर उत्तर त्यांनाच द्यायचं आहे.

पण धोरण नाही हे पूर्ण खरं नाही. मुंबईच्या रात्रशाळा कित्येक वर्षं महापालिकेच्या इमारतींतच भरतात. दिवसा काम करून आलेली मुलं तिथे दहावी करतात. म्हणजे दिवे लागतात, शिपाई थांबतो, फाटक उघडं राहतं, हे सगळं या शहरात होऊ शकतं. निवडणुकीला तर त्याच शाळांत मतदान केंद्र होतं, तेव्हा रविवार असो की सुट्टी, रात्रीत रॅम्पसुद्धा उभा राहतो. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वस्तीच्या हाकेच्या अंतरावर आहेत. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारखी संस्था १९२५ पासून उभी आहे, तिथून मल्लखांब जगभर गेला, २०१९ ची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली. पण तशा संस्था गावोगाव उभ्या राहायला शंभर वर्षं आणि देणगीदार लागतात. भांडुप, गोवंडी, मालवणीच्या मुलांनी तोवर थांबायचं का? त्यांच्याकडे शाळेची इमारत आज आहे.

माझी मागणी साधी आहे. दुपारचं सत्र सुटल्यावर साधारण दोन तास शाळेचा हॉल, दोन वर्गखोल्या आणि मैदान छंदवर्गांना द्यावं. शिकवणारे बाहेरून शोधायला नकोत. प्रत्येक वस्तीत भजनी मंडळातला पखवाजवाला, ढोल-ताशा पथकातली मुलगी, कबड्डी खेळून गुडघा गेलेला माजी खेळाडू, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेणारे निवृत्त चित्रकलाशिक्षक असतातच. त्यांना तासावर मानधन द्या आणि ते वेळेवर द्या. मुलांकडून फी घेऊच नका, किंवा नाममात्र घ्या. माझी फी महिना सहाशे आहे आणि ती देता येत नाही म्हणून पोरं येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. दोघा-तिघांना तसंच बसवतो, पण खोलीचं भाडं मलाही चुकत नाही.

सुरक्षेचा प्रश्न आपले अधिकारी आधी काढतील आणि तो काढलाच पाहिजे. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर कोणताही पालक डोळे मिटून मूल पाठवणार नाही. प्रत्येक शिकवणाऱ्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हावी, माझ्यापासून सुरुवात करा. वर्ग बंद दाराआड नको. शाळांना बसवायला सांगितलेले सीसीटीव्ही संध्याकाळीही चालू राहावेत, आणि त्या वेळेत एक महिला कर्मचारी हजर असावी. पालकांपैकी कोणी येऊन बसायचं म्हणालं तर बसू द्यावं.

आणखी दोन विनंत्या, जरा आगाऊपणा वाटेल. या वर्गांची परीक्षा घेऊ नका आणि जिल्हास्तरीय स्पर्धा तर मुळीच लावू नका, निदान पहिली काही वर्षं. आणि रोजचे फोटो अपलोड करायची सक्ती करू नका. शिक्षकांचा निम्मा वेळ त्यात जातो आणि फोटोसाठी पहिल्या रांगेत नेहमी तीच चार मुलं बसवली जातात.

महापालिकेच्या शाळा आयुक्तांच्या अखत्यारीत येतात याची कल्पना आहे, म्हणून या पत्राची प्रत त्यांनाही पाठवतोय. सगळ्या मुंबईत एकदम करा असंही म्हणत नाही. महापालिकेच्या एस विभागातल्या, म्हणजे आमच्या विक्रोळी-भांडुपकडच्या दोन शाळा घ्या, जूनमध्ये शाळा उघडल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालवून बघा. किती मुली टिकल्या एवढा एकच आकडा तपासा. तबल्याच्या जोड्या, सतरंजी आणि हातोडी मी घेऊन येईन.

फक्त परिपत्रक काढाल तेव्हा फाटकाची किल्ली कोणाकडे राहील हे त्यात स्पष्ट लिहा. नाहीतर पहिल्याच दिवशी आम्ही सगळे रस्त्यावर उभे आणि शिपाईदादा विचारणार, ‘ऑर्डर कुठाय?’

आपला,
कन्नमवार नगर, विक्रोळी येथील एक तबला शिक्षक