फातोर्ड्याचा पराभव कोचीतच सुरू झाला होता

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीगच्या २०२३-२४ मोसमाच्या उपांत्य फेरीत एफसी गोवा संघ मुंबई सिटीकडून दोन लढती मिळून २-५ असा हरला. त्यानंतर फोंड्याच्या बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार फुटबॉलवेडे एकत्र येतात तिथे एकच विषय चालू आहे. २४ एप्रिलच्या रात्री पहिल्या लढतीसाठी मी गोव्याच्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये होतो. बोरिस सिंगने सोळाव्या मिनिटाला आणि ब्रँडन फर्नांडिसने छप्पन्नाव्या मिनिटाला केलेले गोल मी पाहिले, आणि नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० अशी हातात असलेली लढत पुढच्या सहा मिनिटांत २-३ अशी निसटतानाही पाहिली. शेवटच्या शिटीनंतर आमच्या रांगेतील बरीच माणसे खुर्ची सोडून उठलीच नाहीत. त्या रात्रीचे दुःख मलाही इतरांइतकेच आहे. म्हणूनच त्या पराभवाची जी कारणे सध्या सांगितली जात आहेत, ती मला मान्य का नाहीत, हे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

सर्वांत जास्त ऐकू येते ते नशिबाचे कारण. २० डिसेंबर २०१५ रोजी याच मैदानावर अंतिम सामन्यात जोफ्रेने सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याला २-१ असे पुढे नेले होते. नव्वदाव्या मिनिटाला स्वयंगोल झाला, भरपाई वेळेत (थांबलेल्या खेळाबद्दल नव्वद मिनिटांनंतर दिलेल्या वेळेत) मेंडोझाने गोल केला आणि चेन्नईयिन संघाने करंडक नेला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत बंगळुरूविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या एकशे सतराव्या मिनिटाला राहुल भेकेने हेडरवर गोल केला. तोच भेके २०२३-२४ च्या मोसमात मुंबई सिटीचा कर्णधार होता. मार्च २०२१ मध्ये बांबोळीला याच मुंबईने पेनल्टी शूटआऊटमध्ये ६-५ असे हरवले. हे सगळे ओळीने मांडले की एखादा शाप असल्यासारखे वाटते, हे मी नाकारत नाही. पण नीट पाहिले तर प्रत्येक पराभवाचे कारण निराळे आहे. २०१९ मध्ये लाल कार्ड मिळून जाहू बाहेर गेल्यामुळे गोवा त्या अखेरच्या टप्प्यात दहा जणांनिशी खेळत होता. २०२१ मध्ये १२० मिनिटे दोन्ही संघांना एकही गोल करता आला नव्हता. शिवाय २०१५ मध्ये प्रशिक्षक झिको होते, २०१९ मध्ये लोबेरा, २०२१ मध्ये फेरांडो आणि २०२४ मध्ये मानोलो मार्केझ. एवढे प्रशिक्षक आणि जवळजवळ सगळे खेळाडू बदलूनही शाप तोच राहिला, असे म्हटले की चूक शोधण्याची जबाबदारीच संपते, आणि माझा आक्षेप नेमका त्याला आहे.

दुसरे कारण पंचांचे आणि भरपाई वेळेचे. एवढा वेळ कशासाठी दिला, असे अनेक जण विचारतात. मुंबईचा पहिला गोल छांगतेने नव्वदाव्या मिनिटाला केला आणि विक्रम प्रताप सिंगने त्याच्या पाठोपाठ पुढच्याच मिनिटाला बरोबरी साधली. म्हणजे भरपाई वेळ दोनच मिनिटांची असती तरी आघाडी गेलीच होती. छांगतेचा तिसरा गोल तेवढा टळला असता, त्यापलीकडे या तक्रारीत काही नाही.

तिसरे कारण पैशाचे: मुंबई पैशाच्या जोरावर जिंकली, असे. लोबेरा आणि त्यांच्यासोबत बुमूस, जाहू, फॉल व आपला मंदार राव देसाई असे सगळे खेळाडू २०२० मध्ये मुंबईला गेले, तेव्हापासून गोव्यात मुंबई सिटीबद्दल जी कडवट भावना आहे ती मी समजू शकतो. माझे दादरचे मावसभाऊ आणि मी त्या वर्षी कित्येक महिने या विषयावर बोलणे टाळत होतो. पण यंदाच्या मुंबईचा मोसम सुखाचा नव्हता. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटातील सहाही सामने तो संघ हरला, प्रशिक्षक बकिंगहॅम नोव्हेंबरमध्येच इंग्लंडला निघून गेले आणि जानेवारीत खेळाडू ग्रेग स्टुअर्टही गेला. नवे प्रशिक्षक क्रॅत्की यांनी अर्ध्या वाटेत संघ हाती घेतला. फातोर्ड्याला आपल्याविरुद्ध तीन गोल केले ते मिझोरामच्या आणि पंजाबच्या मुलांनी. त्यांच्या पायातील ताकद केवळ पैशाची होती, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

मग आपण हरलो कशामुळे? माझे मत असे की या पराभवाची सुरुवात २५ फेब्रुवारीला कोचीत झाली. त्या रविवारी केरळ ब्लास्टर्सविरुद्ध रॉलिन बोर्जेसने सातव्या आणि मोहम्मद यासिरने सतराव्या मिनिटाला गोल करून गोव्याला २-० अशी आघाडी दिली होती. मध्यंतरानंतर साकाईने एक गोल फेडला, मग एक्क्याऐंशीव्या आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला दियामांताकोस आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेर्निख यांनी गोल केले आणि सामना ४-२ असा गेला. फातोर्ड्याला जे घडले त्याची ही जवळजवळ रंगीत तालीमच होती: दोन गोलांची आघाडी, मग हळूहळू आपल्याच गोलकडे सरकत जाणारा संघ, आणि अखेरच्या दहा मिनिटांत कोसळलेली बचावफळी. हा सामना आज कोणालाच का आठवत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

कोचीतील पराभवाने दुहेरी नुकसान केले. साखळी फेरी संपली तेव्हा मोहन बागानचे ४८, मुंबईचे ४७ आणि गोव्याचे ४५ गुण होते. कोचीत हातात आलेले तीन गुण राखले असते तर आपलेही ४८ झाले असते आणि पहिल्या दोघांत बसून आपण थेट उपांत्य फेरीत गेलो असतो; बाद फेरीचा जादा सामना मुंबईला खेळावा लागला असता. प्रत्यक्षात तो आपल्याला खेळावा लागला. २० एप्रिलला फातोर्ड्यावर चेन्नईयिनला २-१ असे हरवण्यासाठी संघाने पूर्ण जोर लावला आणि चौथ्या दिवशी त्याच मैदानावर मुंबई समोर उभी राहिली. मुंबईचा त्याआधीचा सामना १५ एप्रिलचा होता. आपल्याला मधे तीन दिवस मिळाले आणि त्यांना आठ. एप्रिलअखेरची गोव्याची रात्र कशी असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. स्टँडमध्ये नुसते बसून आमचे सदरे भिजले होते.

थकवा हे कारण मी सहानुभूती म्हणून सांगत नाही, गोलांच्या वेळाच तसे सांगतात. उपांत्य फेरीच्या दोन लढतींत मुंबईने केलेले पाचही गोल उत्तरार्धातील आहेत. फातोर्ड्याचे तीन तर सर्वांना पाठ झाले आहेत, पण २९ एप्रिलला दुसऱ्या लढतीत मुंबईच्या अंधेरीत पेरेरा दियाझने केलेला गोल एकोणसत्तराव्या मिनिटाचा आणि छांगतेचा गोल त्र्याऐंशीव्या मिनिटाचा होता. अंधेरीत पहिला तास आपण अब्रूने झुंजलो, केवळ एक गोल केला असता तरी हिशेब बरोबरीत आला असता. कोचीतील चार गोल यांत मिळवले तर या तीन लढतींत आपण खाल्लेल्या नऊ गोलांपैकी आठ सामन्याच्या शेवटच्या बावीस मिनिटांत झालेले आहेत. पूर्वार्धात एकही नाही. ज्या संघाची बचावफळी मुळातच कच्ची असते, तो विसाव्या मिनिटालाही गोल खातो. आपला संघ सामन्याच्या दोन-तृतीयांश भागात उत्तम बचाव करत होता आणि नंतर पायांत बळ उरत नव्हते.

यात जानेवारीत आपला बचावपटू संदेश झिंगन जायबंदी झाल्याची भर पडली. आशियाई करंडकात तो जखमी झाला आणि उरलेल्या मोसमाला मुकला. त्याची उणीव केवळ टॅकलमध्ये नव्हती. आघाडी असताना ओरडून बचावाची ओळ पुढे ढकलणारा, चेंडू कधी बाहेर मारायचा आणि कधी पायात ठेवायचा हे इतरांना सांगणारा माणूस मैदानावर नव्हता. मला स्टँडमधून दिसले ते असे की सुमारे पंचाहत्तराव्या मिनिटानंतर आपल्या मधल्या फळीने चेंडू ठेवणे सोडून दिले. प्रत्येक क्लिअरन्स (आपल्या गोलपासून दूर मारलेला चेंडू) सरळ मुंबईच्या पायात जात होता आणि ते पुन्हा बगलेतून चालून येत होते. एवढ्या दमलेल्या मुलांनी तेव्हा कॉर्नरच्या झेंड्याजवळ चेंडू नेऊन दोन मिनिटे काढली असती तरी खूप झाले असते. हा दोष खरा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. मात्र त्यासाठी एकेका बचावपटूचे नाव घेऊन समाजमाध्यमांवर जी शिवीगाळ चालली आहे, ती ताबडतोब थांबावी, अशी माझी सर्व गोमंतकीय पाठीराख्यांना कळकळीची विनंती आहे. याच मुलांनी साखळी फेरीत ४५ गुण मिळवून दिले आहेत.

क्लबकडे मागायचेच असेल तर दोन गोष्टी मागाव्यात. झिंगन परतेपर्यंत आणि परतल्यावरही, त्याच्या तोडीचा दुसरा मध्यबचावपटू संघात असावा. आणि सत्तराव्या मिनिटाला मैदानात उतरून चेंडू पायात धरून ठेवू शकेल असा मधल्या फळीचा खेळाडू बाकावर असावा. साळगावकर, धेंपो, चर्चिल यांसारख्या क्लबांच्या भूमीत असा एक गोमंतकीय मुलगा सापडणे अशक्य नसावे.

येत्या शनिवारी (४ मे २०२४) कोलकात्यात मोहन बागान आणि मुंबई यांचा अंतिम सामना आहे. मावसभावाने तो एकत्र पाहण्यासाठी मला दादरला बोलावले आहे आणि मी जाणार आहे. मुंबईचे खेळाडू सत्तराव्या मिनिटानंतर कसे उभे राहतात, तेवढे मला या वेळी कसलीही चिंता न बाळगता नीट पाहायचे आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, फोंडा, गोवा