त्या आजी काय म्हणाल्या?

सोलापूर, रविवार रात्र

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तिबिलिसीहून, जॉर्जियातून, फोनवर म्हणालीस, "आई, वॉर्डात जाऊन उपयोग काय? आम्ही पंधरा जण भिंतीला टेकून उभे. पेशंट जॉर्जियन बोलतो, सर दोन शब्द इंग्रजीत सांगतात, की पुढचा बेड." तेवढ्यात तुझी मैत्रीण आली आणि तू ठेवलास. मग मी रात्रभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. फोनवर तू "हो गं, कळलं" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहितेय. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकीन. अक्षर ड्यूटी रजिस्टरमधलं आहे, सांभाळून घे.

उद्यापासून वॉर्ड बुडवून खोलीवर अॅपवरचे प्रश्न सोडवत बसायचं, असा तुझा विचार आहे. त्याला बाबांचा पाठिंबा आहे. बाबांचं अगदीच चूक नाही. भारतात परत आल्यावर डॉक्टरकीच्या परवान्यासाठी द्यायची परीक्षा ३०० प्रश्नांची आणि १५० मिळाल्याशिवाय पास नाही, हे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. कर्जाचा हप्ताही त्याच कॅलेंडरवर असतो. त्यामुळे त्यांना एकीकडे पाहिलं की दुसरं दिसतं. पण परदेशात डॉक्टरकी शिकणाऱ्यांसाठीचे २०२१चे नियम मीही वाचलेत. कमीत कमी ५४ महिने शिक्षण, मग तिथे १२ महिने इंटर्नशिप, मग इथे आणखी १२ महिने. एवढे महिने लावलेत ते खाटेजवळ उभं राहण्यासाठीच ना? प्रश्न तर तू सोलापुरात बसूनही सोडवले असतेस.

मला खरी लागून राहिली ती तुझ्या वॉर्डातल्या त्या आजींची गोष्ट. तुझा हात धरून त्या दोन मिनिटं बोलत होत्या म्हणालीस, आणि सरांनी सांगितलं, "पोटदुखी, तीन दिवस." अगं, मग बाकीचं कुठे गेलं? आधी काय खाल्लं, घरी कोण आहे, कशाची भीती वाटते, हे त्या दोन मिनिटांत नसेल कशावरून? तीस वर्षांत मला तरी चार शब्दांत दुखणं सांगणारी म्हातारी भेटली नाही.

नर्स म्हणून माझं पहिलं पोस्टिंग तुला माहीत आहे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. १९९६ साल. मी कराडची, कानडीचा गंध नाही. दुसऱ्याच रात्री एक पोरगी आली, एकोणीस-वीसची, पोट पुढे, सोबत फक्त सासरा. ती आपली कण्हतेय, "ब्यानि, ब्यानि." मला ऐकू आलं "बहिणी". मला वाटलं, सिस्टर म्हणतात म्हणून ही मलाच बहीण म्हणतेय! मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले, "हो गं, आहे ना मी." सासऱ्याला तर सांगितलं की हिच्या बहिणीला बोलावून घ्या. तो नुसता बघत राहिला. शेवटी आमच्या दवाखान्यातल्या मावशी चहा घेऊन आल्या, ऐकलं, आणि कप तिथेच ठेवून म्हणाल्या, "अहो सिस्टर, कळा यायल्यात तिला!" अर्ध्या तासात बाळंत झाली. मुलगी झाली, सुखरूप. पण तपासायचं सोडून मी वीस मिनिटं माया करत बसले होते, ते अजून टोचतं.

गंमत म्हणजे ब्यानि म्हणजे वेणाच. नीट ऐकलं असतं तर आपल्याच बाळंतवेणांतला शब्द ओळखला असता. वेणा आणि ब्यानि या खरंच बहिणी निघाल्या!

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली आणि मावशींना गुरू केलं. "एल्लि ब्यानि?" म्हणजे कुठे दुखतंय, इथून सुरुवात. माझी कानडी ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू दे की! हसलेली बाई पुढचं सगळं सांगते.

तुझ्या पहिल्या वर्षी तू जॉर्जियन अक्षरांचा फोटो पाठवला होतास. तेहतीस अक्षरं, सगळी गोल गोल, मला तर कानडी पाटीच वाटली. आणि परवाचा तुझा तो मुलांच्या वॉर्डातला किस्सा! पोरगं "मामा, मामा" करून रडतंय, तू त्याच्या आईला पुढे ढकलतेस, आणि ते आणखी जोरात रडतंय. तिकडे मामा म्हणजे बाप, आई म्हणजे देदा. भाकरीला पुरी म्हणणारी माणसं ती, त्यांच्याकडून दुसरं काय होणार! पण हसू ओसरल्यावर वाटलं, माझी बहिणी आणि तुझा मामा एकाच घरचे.

तेव्हा तूही वही कर. "साद ग्त्किवात?" हे तूच मला शिकवलंस, कुठे दुखतंय म्हणून. ग, त, क एका दमात. आपण जोडाक्षरांवर वाढलेली माणसं, तुला जड जायला नको. त्याखाली लिही: कधीपासून, श्वास घ्या, सोडा, दुखलं तर सांगा, घाबरू नका. वीस-पंचवीस वाक्यांत वॉर्ड चालतो. पण विचारून थांबायचं नाही, उत्तर कळायला हवं. त्यासाठी डॉक्टरांना नको, तिथल्या नर्सना विचार. त्यांना वेळ नसतो, तरी त्या सांगतील. आमची जात सगळीकडे सारखीच असणार.

आणि पोट तपासताना आधी हात गरम कर. थंडीत बाहेरून आलेला गार हात लागला की पेशंट पोट आवळतो, मग तुला वाटतं आत काहीतरी कडक लागतंय. तिबिलिसी हे नावच म्हणे ऊब या शब्दावरून आलंय, गंधकाच्या गरम झऱ्यांमुळे. मग तळवे चोळायला एवढा आळस कशाला? जिथे दुखतंय म्हणतो तिथे सगळ्यात शेवटी हात लाव. आणि दाबताना पोटाकडे नाही, चेहऱ्याकडे बघ. दुखलेलं आधी डोळ्यांत दिसतं. भिंतीला टेकून हे दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं. सर जागा देत नसतील तर राऊंड संपल्यावर एकटी जा.

बाबा आता कोटणीसांचं सुरू करतील, म्हणून आधीच सांगते. आपल्या सोलापूरचे डॉक्टर, १९३८ला चीनला गेले, चिनी शिकले वगैरे. ते पुढचं सांगत नाहीत की कोटणीसांनी तिकडच्या नर्सशी लग्न केलं. मी मुद्दाम आठवण करून देते. मग चहा मिळतो.

थंडी वाढली असेल. तो राजम्यासारखा लोबिओ रोज खाल्लास तरी चालेल, पण नूडल्स बास. मसाल्याचं पार्सल कुणाबरोबर तरी पाठवीन. अॅपवरचे प्रश्न रात्री सोडव. मी ड्यूटीवरून नऊला येते, तुझ्याकडे तेव्हा साडेसात. तेव्हा फोन कर.

त्या आजींना अजून घरी सोडलं नसेल तर उद्या एकदा जाऊन ये. काय म्हणत होत्या ते एखाद्या नर्सला मध्ये घेऊन विचार, आणि मला कळव. मला खरंच ऐकायचंय.

तुझी,
आई