थांबण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

माझ्या १४ वर्षांच्या मुलीचा उजवा डोळा किंचित पुढे आणि खाली सरकलेला दिसू लागला, तेव्हा एका ठिकाणी स्कॅन पाहून ‘हाडात गाठ आहे, लगेच ऑपरेशन करा’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले. त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही.

हा कर्करोग नाही, हे आपण सर्वांत आधी सांगितलेत. मग सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या खोबणीचे हाड घासलेल्या काचेसारखे धूसर कसे दिसते ते दाखवून फायब्रस डिसप्लेसिया हे नाव कागदावर लिहून दिलेत. या आजारात पक्क्या हाडाच्या जागी तंतुमय, कच्चे हाड तयार होत राहते, हे आम्हाला तेव्हा कळले. मी गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, ही सल सासूबाईंच्या मनात होती आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात होती. आपण त्यांना शेजारी बसवून घेतलेत आणि जीएनएएस नावाच्या जनुकातील हा बदल गर्भ वाढताना काही पेशींमध्ये आपोआप होतो, तो आईवडिलांकडून येत नाही आणि त्यात आईचा काहीच दोष नसतो, हे त्यांना पटेपर्यंत समजावलेत. त्या दिवसानंतर घरात ग्रहणाचा विषय निघालेला नाही.

आपण सोलापुरात दर जानेवारीत होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतले मुलीचे मागील तीन वर्षांचे फोटो मागवलेत, ते ओळीने मांडून वाढ सावकाश असल्याचे दाखवलेत. दृष्टीच्या नसेभोवतीची हाडाची वाट अरुंद झालेली असली, तरी नजर, रंगांची ओळख आणि दृष्टिक्षेत्र उत्तम असताना तेथे शस्त्रक्रिया केल्यास चांगल्या डोळ्यालाच धोका पोहोचू शकतो, म्हणून आपण थांबायला सांगितलेत. वाढीचे वय सरल्यावर हा आजार बहुधा मंदावतो, मात्र धूसर दिसू लागले, रंग फिके वाटले किंवा डोळा अचानक दुखून सुजला तर त्याच दिवशी यावे, ही सूचना कपाटाच्या दारावर चिकटवली आहे.

नियमित तपासणी चुकणार नाही. जानेवारीत येताना गड्ड्यातला नवा फोटो घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एक आई, सोलापूर