आरसा काढू का ठेवू?

सांगली, रविवार

प्रिय पम्या,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी. गुडघा आहे तिथेच आहे.

परवा जे झालं ते फक्त तुलाच कळेल. पंखा चालेना म्हणून वायरमन बोलावला. त्याने बोर्ड उघडला, भोकात बॅटरी मारली आणि नुसता बघतच राहिला. म्हटलं, काय आहे आत? तर म्हणे, "लई जुनं काम हाय, साहेब." मला जे हसू फुटलं! अरे, 'हाऊस टू' पिक्चरमधला वायरमन बिल! भिंत फोडून, नळ गळतोय म्हणावं इतक्या सहज सांगतो की आत दुसरं जग आहे, आणि हत्यारांच्या पेटीतून तलवार काढून आत घुसतो.

रात्री पुन्हा पाहिला. १९८७ चा पिक्चर, पहिल्या भागाशी काडीचा संबंध नाही, भीती तर औषधालाही नाही. कुत्र्याच्या तोंडाची अळी, टेरोडॅक्टिलचं पिल्लू, अझ्टेकांच्या तावडीतून सोडवलेली पोरगी, सगळी पाहुण्यांसारखी घरात वावरतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. आणि नावातलं 'सेकंड स्टोरी' म्हणजे दुसरी गोष्ट, असं तू छातीठोक सांगितलं होतंस. दुसरा मजलाही होतो, गाढवा. शिवाय कॅसेटच्या भाड्याचे तुझे पाच रुपये अजून येणं आहेत.

पण या खेपेला मी हिरोच्या खापरपणजोबापाशीच अडकलो. स्फटिकाच्या कवटीसाठी थडगं उकरतात आणि हा एकशे सत्तर वर्षांचा म्हातारा जिवंत निघतो. त्याला वाटत असतं, कवटीने आपण तरुण झालो. मग स्वतःचा अवतार कळतो. आपण तेव्हा पोट धरून हसलो होतो.

महिनाभर झाला, आप्पा बेसिनच्या आरशासमोर थांबतात. "हे गृहस्थ कधीचे उभे आहेत, चहा विचारा त्यांना." आरशावर टॉवेल टाकला, तर त्यांनी तो काढून, नीट घडी करून माझ्या हातात दिला. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. ही म्हणते, आरसा काढून टाका. काल स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलोही. तर आप्पा त्या गृहस्थांना १९६७ च्या भूकंपाची रात्र सांगत होते, आजी देवाची पितळी घंटा घेऊन अंगणात पळाली तिथपासून. आमच्याशी दिवसात दोन शब्द नाहीत रे. मी दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकलं आणि परत आलो.

छोटीचं लग्न ठरल्याचं कळलं. फार छान. तारीख कळव. वहिनींना नमस्कार. बदलीचं काय झालं?

पण आधी आरशाचं सांग. वायरमन बुधवारी येतो म्हणाला होता. पंखा अजून बंदच आहे.

तुझा,
बाळ्या