पेपरवर तुझंही नाव

नाशिक,
रविवार सकाळ

प्रिय रंजू,

पेपर तयार झालाय. आपला, बागलाणातल्या अहिराणीवरचा. उदाहरणं, तक्ते, संदर्भयादी, सगळं झालं. पाठवायचा तेवढा राहिलाय आणि तो तुझ्यापायी राहिलाय. फोन केला असता तर तू नेहमीसारखं ‘बघू गं, कॅश टॅली व्हायचीय’ म्हणून ठेवून दिला असतास. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.

आधी ख्यालीखुशाली. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू. आईचा गुडघा होता तसाच. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळे कॉलेजात पोचेपर्यंत आम्ही सगळे एकाच रंगाचे झालेलो असतो. बस, एवढंच.

आता ऐक. काल रात्री जर्नलचं सबमिशन उघडून बसले होते. शीर्षक, सारांश, कळीचे शब्द भरले. भाषेचा कोड विचारला तिथे अहिराणीचा ‘एएचआर’ टाकला, मराठीचा ‘एमएआर’ नाही. म्हणजे अहिराणी भाषा की मराठीची बोली, हे कॅन्टीनमधलं भांडण निम्मं तू जिंकलीस, टेबलावर मूठ आपटून चहा सांडला होतास ते. शीर्षकात मात्र नुसतंच ‘अहिराणी’ आहे, पुढे भाषाही नाही नि बोलीही नाही. प्रस्तावनेत ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या जुन्या सर्वेक्षणातलं मांडलंय: मराठी सातव्या खंडात, १९०५ चा, आणि खानदेशी नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांच्या सोबतीला, १९०७ चा. शिवाय २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर लोकांची मातृभाषा खानदेशी या नावाखाली वेगळी मोजली आहे. एवढं सांगून पुढे गेले. त्या वादात शिरले असते तर पेपर तिथेच संपला असता, आणि आपल्याला बोलायचंय ते क्रियापदाबद्दल.

मग लेखकांचं पान आलं. माझं नाव भरलं, खाली तुझं भरलं. मग त्यांनी कुणी काय काम केलं ते विचारलं. हल्ली त्याच्या १४ ठरलेल्या भूमिका असतात: संकल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपास, सामग्रीची निगा, पहिला मसुदा, दुरुस्ती, असं बरंच. मी एकेक खूण करत गेले. तपास? सटाण्यात दारोदार तू हिंडलीस, माणसं तू बसवलीस. मी वही धरून मागे. सामग्रीची निगा? ‘एलन’ या सॉफ्टवेअरमध्ये सगळं रेकॉर्डिंग वाक्यावाक्यानं तोडून लिहून काढलं ते तुझ्या हातचं, बँकेच्या परीक्षेची पुस्तकं शेजारी उघडी ठेवून. पद्धत? ती चित्रं दाखवून वाक्यं काढून घ्यायची कल्पना कुणाची होती? मसुदा माझा, हे कबूल. पण तिसऱ्या भागातलं विश्लेषण तू पेन्सिलीनं आडवं-उभं कापलंस म्हणून ते उभं राहिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. समासात ‘हे मराठीचं झालं, अहिराणीचं कुठंय?’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेस.

आणि तू मला मेसेज करतेस, ‘माझं नाव नको, तळटीपेत आभार मान म्हणजे झालं.’

रंजू, ती तळटीप कुणी वाचणारच नाही गं. परीक्षण दोन्हीकडून निनावी असतं हे तू विसरली नाहीयेस ना? परीक्षकांकडे जाणाऱ्या प्रतीतून आभार काढायचे, माझ्या प्रबंधाचा उल्लेख येईल तिथे नाव झाकायचं, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरून तिथलंही नाव पुसायचं. पेपर स्वीकारला तर आभार परत घालायचे. मधले कित्येक महिने तू त्या पेपरात असशील ती ‘वक्ता क्र. १, स्त्री, पदव्युत्तर शिक्षण’ म्हणून. मला ते सहन होणार नाही. माय वक्ता आहे, मामी वक्ता आहे, सलूनवाले काका वक्ता आहेत. तू त्यांच्या रांगेत बसलेली नव्हतीस, तू रेकॉर्डरच्या अलीकडे माझ्याबरोबर होतीस.

मायचं आठवतंय ना? संमतीचा कागद वाचून दाखवल्यावर, नाव लपवणार म्हटल्यावर काय फणकारली होती! ‘मंग मनं नाव काबरं नही?’ तिचं मी ठरवून टाकलंय. तिला हवंय तर अंतिम प्रतीत आभारात तिचं पूर्ण नाव जाईल, तशी तिची संमती कागदावर आहे. मायला जे कळतं ते तिच्या एम.ए. झालेल्या लेकीला कळू नये?

बरं, भावनेचं सोडून दे, शास्त्राचं बघ. पेपरचा अर्धा जीव उदाहरण (१४ब) मध्ये आहे. मराठीत ‘त्याने पोरीला मारलं’, कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी होऊन उभं राहतं. गुजरातीत ‘तेणे छोकरीने मारी’, कर्माला प्रत्यय लागूनही क्रियापद पोरीचं लिंग सोडत नाही. अहिराणी या दोघींच्या मधल्या मुलखातली, तिथे काय होतं हा आपला प्रश्न. आता जिथे जिथे आपण वाक्यापुढे तारा (*) काढलाय, म्हणजे ‘असं कुणी बोलत नाही’ म्हटलंय, तिथे परीक्षकाचा पहिला सवाल असणार: हे वाक्य चुकीचं ठरवलं कुणी? मी नाशिकरोडची, माझ्या जिभेवर कोण विश्वास ठेवेल? तुझं नाव असेल तर एका ओळीत भागतं, ‘दुसऱ्या लेखिकेची मातृभाषा अहिराणी.’ काही लपवाछपवी नाही. नाव नसेल तर मी कुणा एका वक्त्याच्या भरवशावर सिद्धान्त रचलाय असं दिसेल.

आणि हो, (१४ब) च्या पुढे तारा नाहीये. चिडू नकोस, आधी पुढचं वाच. परवा ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. मामी भांडी आवरता आवरता बोलतेय, बांगड्या वाजतायत, म्हशीच्या गळ्यातली घंटा आहे, आणि मामीनं ते वाक्य अगदी सहज म्हटलंय, न अडखळता. त्यावर लगेच तुझा आवाज: ‘असं कोनी म्हनत नही, मामी!’ तू तिच्या क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावरच बोललीयस, त्यामुळे तो तुकडा आवाज मोजायच्या ‘प्रात’ सॉफ्टवेअरमध्ये घालून काही उपयोग नाही. पण ऐकू येतं. तेव्हापासून तू म्हणतेस तारा, मी म्हणते प्रश्नचिन्ह, म्हणजे नुसतं शंकास्पद. आता मी टक्क्याचं चिन्ह लावलंय, काही बोलणाऱ्यांना मान्य, काहींना अमान्य. तुझा नकार आणि मामीचा होकार दोन्ही मजकुरात नोंदवलेत, तुझा आधी. टक्का तर तुझ्या रोजच्या कामातला, त्याला तरी नाही म्हणू नकोस. पण तुला पटलं नसेल तर सांग, मी बदलेन. याच्यासाठीच तर सहलेखक लागतो. माझ्या एकटीच्या मर्जीनं ते चिन्ह ठरता कामा नये.

उदाहरणं मांडायच्या लाइपझिगच्या नियमांप्रमाणे सगळी वाक्यं तीन ओळींत बसवली: वाक्य, खाली शब्दागणिक तुकडे, खाली भाषांतर. वरच्या ओळीत जितक्या जोडरेघा तितक्याच दुसरीत. हे मोजून मोजून माझे डोळे गेले. तू असतीस तर एका बैठकीत चुका काढल्या असत्यास. (९क) मध्ये ‘ऱ्हायनी’चा ‘नी’ वेगळा तोडायचा की नाही, तेवढं कळव.

तुझ्या दुसऱ्या सबबीचं बोलते. ‘तुझे प्रमोशनचे गुण कमी होतील.’ होतील. दोन लेखक असले की यूजीसीच्या हिशेबात प्रत्येकी ७० टक्के. स्टाफरूममध्येही हेच चालू असतं, एकटीच्या नावावर टाका मॅडम, कोण विचारतंय. मला गुण हवेत, नाही कशाला म्हणू? पण पूर्ण गुणांसाठी मी तुझं नाव खाल्लं, ही गोष्ट मला जन्मभर बाळगायची नाही. आणि ‘मी आता भाषाविज्ञानातली कुठं राहिले’ हे तर बोलूच नकोस. संस्थेच्या रकान्यात ‘स्वतंत्र संशोधक’ लिहितात लोक, चांगले चांगले लोक. २०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या जर्नलच्या अख्ख्या संपादक मंडळानं प्रकाशकाशी भांडून राजीनामे देऊन स्वतःचं ‘ग्लॉसा’ काढलं, तेव्हा रात्री अकराला मला फोन करून ‘युनियन जिंकली!’ म्हणून ओरडणारी तूच ना? भाषाविज्ञान सुटलेली बाई असं करते का?

घाई अशासाठी की एकदा पेपर गेला की नाव घालणं-काढणं फार जड जातं. सगळ्यांची लेखी संमती आणि संपादकाला कारण द्यावं लागतं, वर त्याला संशय यायचा तो येतोच. म्हणून मी ते पान अर्धवट सेव्ह करून ठेवलंय. तुझा होकार आल्याशिवाय पुढचं बटण दाबणार नाही. आडनाव माहेरचं घालायचं की सासरचं, ते तू ठरव. एकदा छापलं की पुढे तेच चालवावं लागतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? अकोलाच राहणार का? पिहूचे दात पडायला लागले का? भाऊजींना नमस्कार. मायकडे दिवाळीत येणार असशील तर मीही सटाण्याला येते, तिला म्हणावं कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेव.

बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. दोघींनी मिळून सांगू.

तर आता कामाचं: ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढ, फुकट असतो, सोळा आकडी. ईमेल बँकेचा देऊ नकोस, बदली झाली तरी टिकेल असा दे. जर्नलकडून तुला एक मेल येईल, त्यातल्या लिंकवर जाऊन ‘होय, मी सहलेखक आहे’ म्हणायचं. स्पॅममध्येही बघ.

तुझी,
मेधा